थोरल्याचा सदरा

मसुराची डाळ शिजली की तिचा रंग उडतो. डब्यात असते तेव्हा शेंदरी, कुकरातून निघते तेव्हा तुरीच्या वरणाची धाकटी बहीण. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, बायको माहेरी गेली होती आणि डाळ स्वतः लावायची वेळ आली तेव्हा. झाकण उघडलं आणि पहिली आठवण झाली ती बायबलमधल्या एसावाची.

हा माणूस रानातून थकून, भुकेने कासावीस होऊन घरी येतो, धाकट्या भावाच्या भांड्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ते तांबडं, ते तांबडं घाल मला. पदार्थाचं नावसुद्धा घेत नाही. मूळ हिब्रूत ‘आदोम’ हा शब्द लागोपाठ दोनदा येतो, भुकेल्याची जीभ अडखळावी तसा. मग त्या भांड्यात होतं तरी काय? अर्धकच्ची डाळ? सालासकट अख्खा मसूर? की भुकेने डोळ्यांपुढे अंधारी आलेल्याला जे दिसायचं तेच दिसलं?

तो धाकटा भाऊ, याकोब, म्हणतो, आधी तुझं थोरलेपण मला वीक. एसाव म्हणतो, मी इथे मरायला टेकलोय, थोरलेपण घेऊन काय करू? शपथ होते. भाकरी आणि मसुराची आमटी पानात पडते. मग बायबलचा कथाकार पाच क्रियापदं एकापुढे एक ठेवतो: खाल्लं, प्यायला, उठला, गेला, आणि थोरलेपण कवडीमोल मानलं. एवढ्या घाईचं वाक्य त्या ग्रंथात क्वचित सापडेल.

यहुदी आचार्यांनी या भांड्यावर फार विचार केलाय. तालमूदमध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय की त्याच दिवशी आजोबा अब्राहाम वारले होते आणि याकोब बापासाठी, इसहाकासाठी, सुतकाचं जेवण रांधत होता. सुतकात मसूरच का? तर मसूर गोल असतो, आणि दुःखही चाकासारखं फिरत आज ह्या घरी, उद्या त्या घरी येतं. दुसरं कारण मला जास्त भिडतं. बाकीच्या कडधान्यांना चीर असते, तोंड असतं. मसुराला तोंड नसतं. सुतकातल्या माणसालाही बोलायला तोंड नसतं. आमच्याकडे श्राद्धाला मसूर वर्ज्य, त्यांच्याकडे सुतकाला मसूरच. असो.

मी धाकटा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ही गोष्ट वाचताना प्रत्येक जण नकळत आपल्या नंबरावर जाऊन उभा राहतो. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी मी याकोबाच्या बाजूचा होतो, हुशारीवर खूश. आता तसं राहिलेलं नाही.

याकोबाने विकत घेतलं ते थोरलेपण म्हणजे नक्की काय होतं? त्याचा हिशेब पुढे बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, स्पष्ट लिहून ठेवलाय: बापाच्या मालमत्तेत थोरल्याला दुप्पट वाटा. वाटणी करताना मुलगे जितके, त्याहून एक वाटा जास्त पाडायचा. पाच मुलगे असतील तर सहा वाटे. थोरल्याला दोन, बाकीच्यांना एकेक. दोनच भाऊ असले तर तीन वाटे, म्हणजे थोरल्याकडे सरळ दोन-तृतीयांश. हिब्रूत या वाट्याला ‘पी श्नायिम’ म्हणतात, शब्दशः ‘दोघांच्या तोंडचं’. एलीया संदेष्टा जायला निघाला तेव्हा शिष्य अलीशाने त्याच्याकडे याच शब्दांत त्याच्या आत्मिक शक्तीचा दुहेरी वाटा मागितला. म्हणजे मला गुरूचा थोरला मुलगा समजा, एवढंच त्याचं मागणं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातही थोरल्याला एक वाटा अधिक देण्याचा पर्याय आहे, आणि मधल्याला दीड. मधल्याला दीड! ज्याने हे लिहिलं त्याच्या घरी मधला भाऊ बराच कटकटी असावा.

दुपटीला दुसरीही बाजू होती. बापाचं कर्ज असेल तर तेही थोरल्याच्या माथी दुप्पट. नको असेल तर त्याने ‘मी घेत नाही आणि देतही नाही’ असं म्हणायची सोय तालमूदने ठेवलीय. शिवाय दुप्पट वाटा फक्त बापाच्या हातात प्रत्यक्ष असलेल्या मालमत्तेत; येणं बाकी असलेल्या, उद्या मिळू शकेल अशा मालमत्तेत थोरला आणि धाकटा सारखेच. आईच्या मालमत्तेतही सारखेच. वकिली डोक्याची माणसं होती ती. वाटण्या त्यांनी जवळून पाहिल्या असणार.

थोरला कोण, हेही त्यांनी दोन तऱ्हांनी ठरवलं. वारशासाठी थोरला म्हणजे बापाचा पहिला मुलगा. पण आईच्या उदरातून जो पहिला येतो तो देवाचा, असं यहुद्यांच्या मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेच्या कथेत ठरलेलं. त्याला एकतिसाव्या दिवशी पाच शेकेल चांदी पुरोहिताला देऊन सोडवून घ्यावं लागतं. हा विधी आजही होतो. ज्याच्या दोन बायका, त्याच्या घरी दोन मुलगे ‘पहिले’ असू शकत, एक बापाचा आणि एक आईचा. घर म्हणून किती भांडणांची तयारी आहे ही.

ही हक्काची विक्री खरंच होत असे का, असा प्रश्न मला बरीच वर्षं होता. मग नूझीबद्दल वाचलं. इराकमध्ये किर्कुकजवळ हे गाव १९२५ ते १९३१ या काळात खणून काढलं. तिथे इसवीसनापूर्वी पंधराव्या-चौदाव्या शतकातल्या मातीच्या हजारो पाट्या निघाल्या: करार, दत्तकपत्रं, खटले. एका पाटीवर तूपकितिल्ला नावाचा माणूस आपल्या वारशातली बाग भावाला, कुर्पाझाला, देतो आणि मोबदल्यात तीन मेंढ्या घेतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अभ्यासक या पाट्यांवर इतके लुब्ध झाले की अब्राहामाच्या घरातली प्रत्येक गोष्ट त्यांना नूझीत सापडू लागली; १९७०च्या दशकात तो उत्साह बराच ओसरला, आणि ते योग्यच झालं. पाटीने एसावाची गोष्ट सिद्ध होत नाही. पण तीन मेंढ्या घेऊन घरी निघालेला तूपकितिल्ला मला दिसतो. त्या वर्षी पाऊस नसेल. घरात कोणी आजारी असेल. बाराव्या शतकातले भाष्यकार इब्न एज्रा एसावाच्या बाजूने जवळपास हेच म्हणतात: इसहाक तेव्हा गरीब होता, वाटायला होतंच काय? पुढच्याच शतकात दुसरे भाष्यकार रामबान हे म्हणणं मोडून काढतात. मला मात्र इब्न एज्रांचा एसाव ओळखीचा वाटतो. सातबारावर नाव आहे आणि खिशात एसटीच्या तिकिटाला पैसे नाहीत, असे थोरले मी कोकणात पाहिलेत.

इथवर सगळं मालमत्तेचं. खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती हिब्रूतल्या दोन अक्षरांवर उभी आहे. थोरलेपण म्हणजे ‘बखोरा’. आशीर्वाद म्हणजे ‘ब्राखा’. तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, दोन्ही शब्द त्याच चार अक्षरांचे. फक्त ख आणि र यांची जागा बदललेली. एसाव शेवटी रडतो तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आणतो: माझी बखोरा घेतली, आणि आता बघा, माझी ब्राखाही घेतली. कानाला तो एकच शब्द दोनदा उलटासुलटा म्हटल्यासारखा लागतो.

बखोरेचे तीन वाटे पाडता येतात. ब्राखेचे कसे पाडणार?

इसहाक म्हातारा झालाय, डोळे गेलेत. थोरल्याला बोलावून म्हणतो, मी कधी मरेन नेम नाही, शिकार करून माझ्या आवडीचं रांधून आण, मग तुला आशीर्वाद देतो. (पारंपरिक यहुदी गणिताप्रमाणे इसहाक तेव्हा १२३ वर्षांचा होता आणि त्यानंतर तो आणखी ५७ वर्षं जगला. म्हाताऱ्यांच्या ‘आता माझं काही खरं नाही’वर फार विसंबू नये.) हे त्याची बायको रिबका ऐकते. पुढचं सगळं तीच करते. दोन करडं मारायला लावते, नवऱ्याला आवडतं तसं कालवण करते, याकोबाच्या गुळगुळीत हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळते, आणि एसावाचे घरात ठेवलेले चांगले कपडे धाकट्याला चढवते. शाप लागला तर, असं याकोब भीत भीत विचारतो. ‘तुझा शाप मला लागो, बाळा,’ असं म्हणून ती विषय संपवते.

कपड्यांपाशी मी नेहमी थांबतो. एसावाचं लग्न झालेलं, दोन बायका घरात, तरी त्याचे ठेवणीतले कपडे आईकडे का? हा प्रश्न अकराव्या शतकातल्या फ्रान्समधले भाष्यकार राशी यांनाही पडलाय. त्यांचं उत्तर असं की एसावाचा बायकांवर विश्वास नव्हता. मला वेगळं वाटतं, पण मी काही राशी नाही. आमच्या आईच्या लोखंडी कपाटातही दादाचा एक सदरा बरीच वर्षं होता, निळ्या रेघांचा, तो नोकरीला लागला तेव्हा शिवलेला. त्याच्या अंगाला लहान झाला आणि माझ्या अंगाला कधी नीट झाला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आईने तो मला घातला, बाह्या दोनदा दुमडून. खिशाच्या आत शाईचा एक डाग होता. आमच्यातल्या धाकट्यांना कपड्यांबरोबर असे डागही वारशाने मिळतात. नवं मिळतं ते दिवाळीला.

याकोब आत जातो. ‘बाबा.’ ‘कोण आहेस तू, बाळा?’ आणि तो म्हणतो, मी, एसाव, तुमचा थोरला. हिब्रूत हे तीनच शब्द आहेत: अनोखी एसाव बखोरेखा. राशी इथे याकोबाला खोटेपणातून सोडवण्यासाठी एक विराम टाकतात. मी आहे, जेवण घेऊन आलोय. एसाव तुमचा थोरला आहे. व्याकरणात बसतं, मनात बसत नाही. मला ही धडपड फार माणुसकीची वाटते. नऊशे वर्षांपूर्वी एक विद्वान माणूस आपल्या पूर्वजाच्या एका ‘हो’ला सांभाळून घेण्यासाठी एका वाक्यात जागा शोधतोय.

इसहाक त्याला जवळ बोलावतो, चाचपतो. आवाज याकोबाचा आहे पण हात एसावाचे. पुन्हा विचारतो, खरंच तू माझा एसाव? तो म्हणतो, हो, मी. जेवतो, द्राक्षारस पितो, म्हणतो, जवळ ये, माझा मुका घे. मग कपड्यांचा वास घेतो आणि त्या वासावरून आशीर्वाद सुरू होतो: माझ्या मुलाचा वास देवाने आशीर्वाद दिलेल्या शेताच्या वासासारखा. आकाशाचं दंव, जमिनीचं सत्त्व, धान्य आणि द्राक्षारस यांची समृद्धी, भावांवर सत्ता.

याकोब बाहेर पडतो न पडतो तोच एसाव शिकार घेऊन आत येतो. ‘कोण आहेस तू?’ पुन्हा तोच प्रश्न. इसहाक थरथर कापायला लागतो. मूळ मजकुरात ‘मोठी, अतिशय मोठी थरथर’ असं आहे. आणि तो म्हणतो, मग तो कोण होता? मी त्याला आशीर्वाद दिला, आणि आता तो आशीर्वादित राहीलच. परत घेता येत नाही. सातबारावरची चूक तलाठ्याकडे अर्ज करून दुरुस्त होते. इथे तशी सोय नाही.

मग एसावाचं ते वाक्य येतं, ज्याच्यासाठी मी ही गोष्ट इतक्यांदा वाचली: ‘बाबा, तुमच्याकडे आशीर्वाद एकच आहे का? मलाही द्या ना, बाबा.’ आणि एसाव गळा काढून रडतो. केसाळ, तगडा, चाळिशी कधीच उलटलेला शिकारी.

याच गोष्टीत पुढच्याच अध्यायात एक गंमत आहे, जी लोक विसरतात. याकोबाला पळवून लावण्याआधी इसहाक त्याला पुन्हा एकदा बोलावतो. या वेळी तो कोण आहे हे पक्कं ठाऊक असताना त्याला दुसरा आशीर्वाद देतो: अब्राहामाचा आशीर्वाद, संतती आणि देश. मग करडांची कातडी कशाला हवी होती? त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला होताच की. बापाकडे आशीर्वाद दोन होते, असं काही भाष्यकार म्हणतात, दोघांचे स्वभाव पाहून ठरवलेले. आईला ते माहीत नव्हतं. नवराबायको इतक्या वर्षांत यावर एकदाही बोलले नसावेत. रिबका धाकट्याला म्हणाली, मामाकडे थोडे दिवस राहा. ते थोडे दिवस वीस वर्षं झाले. आई-मुलाची भेट परत झाल्याचं ग्रंथात कुठेही नाही.

मामाकडे, लाबानाकडे, काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. धाकट्या राहेलसाठी सात वर्षं राबला, आणि सकाळी उजेडात पाहतो तर थोरली लेआ. लाबान म्हणतो, आमच्या गावात थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत. एका मिद्राशात, म्हणजे जुन्या यहुदी कथाभाष्यात, तर याकोब लेआला म्हणतो, फसवी! रात्रभर मी राहेल म्हणून हाक मारत होतो आणि तू ओ देत होतीस. लेआ म्हणते, शिष्याशिवाय गुरू असतो का? तुझ्या बापाने एसाव म्हणून हाक मारली तेव्हा तू नाही ओ दिलीस?

आता नियमशास्त्राकडे परत येतो, कारण तिथे एक विलक्षण गोष्ट आहे. अनुवादातला तो कायदा दुप्पट वाट्याचा नियम सरळ सांगत नाही. तो म्हणतो: एखाद्याच्या दोन बायका असतील, एक आवडती आणि एक नावडती, आणि थोरला मुलगा नावडतीचा असेल, तर वाटणीच्या दिवशी बापाने आवडतीच्या मुलाला थोरला करायचं नाही; नावडतीच्या मुलालाच दुप्पट द्यायचं, कारण तो त्याच्या पौरुषाचा प्रारंभ आहे. ‘नावडती’साठी जो शब्द, तोच उत्पत्तीच्या पुस्तकात लेआसाठी. ‘पौरुषाचा प्रारंभ’ हे शब्द याकोबाने मरताना लेआच्या मुलाला, रऊबेनला, उद्देशून वापरलेले. आणि याकोबाने नेमकं तेच केलं जे हा कायदा मना करतो: रऊबेनचं थोरलेपण काढून राहेलच्या योसेफाला दिलं. रऊबेनने बापाच्या उपपत्नीशी केलेला अपराध त्याला कारण झाला खरा. पण योसेफाच्या दोन्ही मुलांना आपले मुलगे म्हणून मोजून याकोबाने त्याच्या घराण्याचे दोन वाटे केले. कायदा वाचताना असं वाटतं की तो लिहिणाऱ्याने ही घरगुती कहाणी वाचून खूप राग गिळलाय.

मिश्नाने, म्हणजे तालमूदच्या गाभ्यातल्या कायदासंग्रहाने, पुढे ठरवलं की ‘माझ्या थोरल्याने दुप्पट घेऊ नये’ असं बापाने म्हटलं तर ते म्हणणं शून्य. पण जिवंतपणी ‘वारसा’ न म्हणता ‘भेट’ म्हणून कुणालाही काहीही देता येतं. म्हणजे आवडत्याला द्यायची वाट शेवटी राहिलीच. इस्राएलच्या १९६५च्या वारसा कायद्यात थोरल्याचा दुप्पट वाटा नाही, मुलगे-मुली सारखे. मुलींसाठी मोशेपुढे उभं राहून पहिला वाटा मागणाऱ्या सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, यांना हे आवडलं असतं.

माझी या सगळ्याशी ओळख झाली ती ठाण्यात. आमच्या चाळीत तळमजल्यावर एक बेने इस्राएल कुटुंब राहायचं. मूळ अलिबागकडचं, शनिवार तेल्यांपैकी. म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या जुन्या यहुदी तेल्यांचे वंशज. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी काचेच्या दिव्यात तेलवात लागायची, काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत प्याल्यात यायचं, आणि काका दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून काही पुटपुटायचे. आम्ही दारात उभे. मी एकदा विचारलं, काय म्हणता? ते म्हणाले, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो. मुलींना म्हणतात, सारा, रिबका, राहेल, लेआसारखी. मग कोण हे एफ्राईम-मनश्शे, अशी चौकशी झाली आणि काकांनी जिन्यावर बसून गोष्ट सांगितली.

मिसर देशात याकोब म्हातारा झालाय. आता त्याचे डोळे गेलेत. योसेफ आपले दोन मुलगे घेऊन येतो, थोरल्या मनश्शेला बापाच्या उजव्या हाताशी उभा करतो, धाकट्या एफ्राईमला डाव्या. म्हाताऱ्याचे हात उठतात आणि एकमेकांवरून जातात: उजवा धाकट्याच्या डोक्यावर, डावा थोरल्याच्या. काकांनी हे आमच्या डोक्यांवर करून दाखवलं. दादा उजवीकडे, मी डावीकडे. त्यांच्या तळहाताला मनुकांचा वास येत होता. योसेफ बापाचा हात धरून हलवतो, असं नाही बाबा, हा थोरला. आणि बाप म्हणतो, ‘जाणतो, बाळा, जाणतो.’

मुलांना आशीर्वाद देताना याच दोघांची नावं का, याचं एक उत्तर असं देतात की बायबलमधल्या भावांच्या जोड्यांत न भांडलेली ही पहिली जोडी. हात उलटे पडूनही न भांडलेली. काकांचं कुटुंब पुढे इस्राएलला गेलं. आम्ही ठाण्यातच राहिलो.

बाबांचे डोळे काचबिंदूने गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना दिवसा पडद्याशी उजेड आणि रात्री अंधार, एवढंच कळायचं. ते माझ्याकडे होते. दादा पुण्याहून रविवारी यायचा. फोनवर आमचे आवाज आमच्या बायकांनाही वेगळे ओळखता येत नाहीत. एका मंगळवारी दुपारी मी त्यांना चहा द्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘दादा, आलास का?’ बाबाही त्याला दादाच म्हणत, माझ्यामुळे पडलेली सवय.

मी निळ्या रेघांचा सदरा घातला होता असं लिहिलं असतं तर गोष्ट छान जमली असती. मी बँकेतून आलेलो, अंगात पांढरा शर्ट. मी म्हणू शकलो असतो, ‘नाही बाबा, मी आहे.’ पण डोळे गेल्यापासून ते चुकले की फार ओशाळायचे. म्हणून म्हटलं, ‘हो.’

त्यांनी हात पुढे केला. मी हात दिला. दादाने तीस वर्षं लेथ मशीनवर काढलीत. त्याच्या उजव्या तळहाताला अंगठ्याखाली दगडासारखा घट्टा आहे. माझा हात नोटा मोजणाऱ्याचा, मऊ. बाबांनी अंगठ्याने माझा तळवा दाबून पाहिला. बराच वेळ. मग म्हणाले, ‘धाकट्याकडे लक्ष ठेव. तो बोलत नाही, पण त्याला लागतं.’

मी ‘हो बाबा’ म्हणालो आणि चहा बशीत ओतला.

नऊ वर्षं झाली. हात चाचपल्यावर त्यांना कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. आणि कळलं होतं, यावरही पुरता नाही. इसहाकालाही आतून कळलं होतं, असं मानणारे आहेत. दोनदा विचारलं, आवाज ओळखला, तरी थांबला नाही. याकोब म्हातारपणी ‘जाणतो, बाळा’ म्हणाला तेव्हा त्याला आपला बाप आठवला असेल का, असा प्रश्न मला पुस्तक मिटल्यावर नेहमी पडतो.

वाटणी आमची सोपी झाली. घर होतं, थोडी मुदतठेव होती, गावच्या जमिनीत बाबांचा सहावा हिस्सा होता. सगळं निम्मं निम्मं. दादाने एकाही कागदावर दुसऱ्यांदा नजर टाकली नाही. सदरा आईच्या मागे कुठे गेला, ते मात्र दोघांनाही माहीत नाही.

बायबलमधले भाऊ वीस वर्षांनी भेटतात. याकोब घाबरलेला, पुढे शेळ्यामेंढ्यांचे, उंटांचे, गायींचे कळप भेट म्हणून पाठवलेले. एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. आणि एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, मुका घेतो. तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत ‘मुका घेतला’ या शब्दावर आजही प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर ठिपके घालतात. तो मुका मनापासूनचा होता की नव्हता, यावर आचार्य अजून भांडतात. एसाव म्हणतो, माझ्याकडे पुष्कळ आहे, भाऊ, तुझं तुला राहू दे. याकोब गळ घालतो. भेटीसाठी आधी तो ‘मिन्हा’ हा शब्द वापरतो, नजराणा. मग त्याच्या तोंडून दुसराच शब्द जातो: ‘माझी ब्राखा घे.’ ब्राखाचा भेट असाही अर्थ होतो, म्हणून भाषांतरात तिथे ‘भेट’च छापतात. एसाव ती घेतो. शेवटी इसहाकाला दोघे मिळून पुरतात.

या मे महिन्यात मी पुण्याला दादाकडे दोन पेट्या आंबे घेऊन गेलो. तो म्हणाला, एवढे कशाला, आमच्याकडे आहेत. जेवायला बसलो. वहिनी आत होती. मी त्याला त्या मंगळवारची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. बाबा काय म्हणाले तेही शब्दशः सांगितलं.

त्याने घास तोंडात तसाच ठेवला. मग म्हणाला, ‘मलाही त्यांनी एकदा तुझ्या नावाने हाक मारली होती. तू बाजारात गेला होतास.’

‘मग?’

‘मग काय. मी पण ओ दिली.’

‘काय म्हणाले?’

दादा उठून हात धुवायला गेला. मोरीतला नळ बराच वेळ चालू होता.